जोडवी सांभाळली त्या दिवशी

तिचं नाव मला आजही ठाऊक नाही. नव्वदच्या दशकात आमच्या बंगळुरात बायकांच्या कबड्डीचे पात्रता सामने भरले होते. बाहेरच्या देशांतले संघ आले होते आणि जिंकेल तोच पुढच्या मोठ्या स्पर्धेला जाणार होता. आपल्या मुली अंग मोकळं करत होत्या आणि मी कुंपणाला टेकून घरच्या मराठीत ओरडत होते. आवाज माझा तसा मोठाच. मराठी ऐकून त्यांच्यातली ती थेट माझ्याकडे आली. खेळताना दागिना चालत नाही, म्हणून गळ्यातलं मंगळसूत्र काढून तिने माझ्या हातात ठेवलं. मग एका पायावर उभी राहून जोडवी काढायला लागली. मी खांदा पुढे केला.

"नको अक्का, जमतंय."

"अगं, ओळख ना पाळख! मी हे घेऊन पळाले तर?"

"पळा की! पकडायचंच काम करते मी."

शेवटच्या चढाईला समोरची उंच मुलगी आपल्या दोन मुलींना शिवून मधल्या रेषेकडे झेपावली. हिने मागून तिचा घोटा धरला, तो सोडलाच नाही. मातीत फरफटली, गुडघे सोलले, पण रेषा त्या मुलीच्या बोटांपासून वीतभर लांबच राहिली. आपण जिंकलो.

गर्दीतून वाट काढत ती आली. "पळाला नाहीत ना?"

"तुझी पकड बघून कोण पळेल?"

ती खळखळून हसली. जोडवी घालायला तिने पाय उचलला आणि या वेळी न विचारताच माझा खांदा धरला. तिचा सगळा भार माझ्यावर आला. मी पाय रोवून उभी राहिले.