एकही पत्रा बदलणार नाही

गजू गेल्याचा फोन कुमुदवहिनींनी केला. दुपारचे तीन वाजले असतील, मी रायपूरला आमच्या तात्यापाऱ्यात औषधांच्या दुकानात उभा होतो. "अरविंदभाऊ, हे गेले," एवढंच त्या म्हणाल्या आणि फोन चालूच राहिला. पलीकडून कुणाचं तरी रडणं ऐकू येत होतं... औषधं तिथंच काउंटरवर राहिली. समता कॉलोनीत गजूच्या घरापर्यंत मी कसा पोचलो ते आठवत नाही. त्या दिवशी मी रडलो, खांदा दिला, तेराव्याला पंगतीत वाढायला उभा राहिलो. आज सात आठवडे झालेत, आणि आज तो समोर आला तर मी आधी त्याची गचांडी धरीन. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, पण मला बोलायचं आहे. तो जिवंत असताना भांडायची संधी त्यानं मला दिली नाही, हीच माझी पहिली तक्रार आहे.

गजानन माझा शाळेपासूनचा मित्र. त्याचे वडील अमरावतीकडून रेल्वेत फिटर म्हणून आलेले, आमचं घराणं भोसल्यांच्या काळापासून इथलं. मी त्याला परदेशी म्हणायचो, तो मला पडका किल्ला म्हणायचा. अभ्यासात दोघांचाही उजेडच होता. मी कसाबसा सरकारी कचेरीत चिकटलो आणि त्यानं समता कॉलोनीच्या मागं पत्र्याचं शेड ठोकून गॅरेज काढलं. हात मात्र असा, की बंद पडलेली वस्तू त्याच्या पुढ्यात पडून राहिली असं कधी झालं नाही. माझ्या लग्नाची वरात दुर्गला निघाली तेव्हा भिलाईच्या अलीकडे बसचा पंख्याचा पट्टा तुटला. यानं माझ्या खांद्यावरचं नवंकोरं उपरणं ओढलं, पीळ दिला, गाठ मारली आणि बस मांडवापर्यंत नेली. "नवरी पायजे का उपरणं पायजे?" म्हणाला. लग्नाच्या सगळ्या फोटोंत मी बिनउपरण्याचा उभा आहे, आणि मला ते फोटो फार आवडायचे.

आता गाडीचं सांगतो. माझे बाबा तेंदूपत्त्याच्या, म्हणजे विडीच्या पानांच्या, व्यवहारात होते. उन्हाळा आला की धमतरी, नगरी, गरियाबंद, जिथं जिथं पानांचे फड लागायचे तिथं ते जायचे, ते त्यांच्या पिकअपनं. एका खाणीच्या लिलावात घेतलेली जुनी अमेरिकन गाडी, बाकदार मडगार्ड, फुगलेलं बॉनेट, मागं लाकडी फळ्यांचा हौदा. ड्रायव्हरच्या दारावर परातीएवढा एक पोचा होता. धमतरीच्या बाजारात एका सांडानं धडक दिली होती आणि बाबा आतून त्यालाच "भाऊसाहेब, जरा बाजूला" म्हणत होते. बाबांची डावीकडची मिशी त्या घटनेनंतर पांढरी झाली असं आई सांगायची. दार उचलून धरल्याशिवाय लागत नसे. खिडकीच्या काठावर बाबा कोपर टेकून चालवायचे, तिथला हिरवा रंग झिजून आतलं लोखंड चकाकायचं. बाबा गेले आणि गाडी आमच्या परसात बसली. मी तिला हातही लावू दिला नाही कुणाला.

मग राज्य वेगळं झालं. आमची झोपाळू कचेरी एका रात्रीत संचालनालय झाली, रायपूरला राजधानी म्हणायची जिभेला सवय लागेपर्यंत रस्ते लाल दिव्यांच्या पांढऱ्या गाड्यांनी भरले. गजूच्या शेडपुढं रांग लागली. अशा दिवसांत तो एका रविवारी आमच्या परसात आला, गाडीखाली निजला आणि काळा होऊन बाहेर निघाला. "चासी गेली रे. मधातून चिरली आहे," म्हणाला. चासी म्हणजे खालचा सांगाडा, ज्यावर इंजिन, चाकं, सगळं बसतं. इंजिनाचे भाग तर जगात कुठंच मिळत नव्हते. त्याच्या डोक्यात मात्र दुसरंच होतं. एका सरकारी खात्यानं काढून टाकलेली फोर-बाय-फोर जीप त्यानं बघून ठेवली होती, चारही चाकांना जोर असलेली. तिचा डबा उतरवायचा आणि तिच्या सांगाड्यावर बाबांची केबिन, बॉनेट, हौदा, सगळं बसवायचं. "तुह्या बापाची गाडी जंगलात अजून चढवतो, पाय फक्त नवे देऊन राहिलो," असं त्यानं समजावलं.

मला ते पटलं. पण मग कागदांचं कळलं. गाडीची ओळख चासीच्या नंबरावर असते. सांगाडा बदलला की कागदावर ती बाबांची गाडी राहत नाही, बाबांच्या नावाचं जुनं नोंदणीचं पुस्तक रद्द होतं. मी गजूला म्हटलं, "मग बाबांचं राहिलं काय?" तो म्हणाला, "पत्रा. ज्यात बसून ते हिंडले तो पत्रा." मी म्हटलं, "मग तो बदलायचा नाही. सडला असला तर ठिगळ लाव, पण बदलायचा नाही." त्यानं बनियनला हात पुसले. "एकही पत्रा बदलणार नाही. बदलला तर तोंड नाही दाखवणार तुले." हे शब्द मला जसेच्या तसे आठवतात, कारण आता रोज आठवतात.

सुरुवातीचे चार-पाच रविवार मीही तिथं असायचो. जीपचा सांगाडा लांबीला तोकडा निघाला, तो कापून मध्ये जोड दिला. गजू खडूनं जमिनीवर दोन्ही गाड्यांचे नकाशे काढायचा आणि त्यांच्यावरून चालत मापं घ्यायचा. बरोबर त्याचा जुना डेंटर, पत्रा ठोकण्यात ज्याचा हात कुणी धरत नसे तो रामाधीन. मग एका रविवारी मी जुनं पुस्तक रद्द झाल्याचा कागद घेऊन गेलो. मन खराब होतं. शेडच्या दारातच गजूच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि म्हणालो, "गजू, नाव गेलं बाबांचं. आता तुह्या हातात आहे तेवढंच." शेडमध्ये एका बाजूला कशावर तरी ताडपत्री टाकलेली होती. तिच्यापुढं येऊन उभा राहत गजू म्हणाला, "आता तू येऊ नको काही महिने. पुरी झाल्यावरच पाय. अन् बाबाचे फोटो असतील गाडीसोबतचे तं दे, रंग जुळवाले." मी अल्बम नेऊन दिला. नवी सून घरात आणायची तशी गाडी एकदम दाखवायची त्याची हौस असेल असं मला वाटलं.

सहा-सात महिन्यांनी गाडी दाखवली. काय दिसत होती! थोडी उंच झाली होती, पण तोच हिरवा, तोच पोचा, खिडकीवर तीच झिजलेली जागा. मी आईला घेऊन गेलो होतो. आईनं पोच्यावर तळवा ठेवला, दार उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. मग गजूच्या तोंडावरून हात फिरवून म्हणाली, "लय केलंस रे बाबा." दार आता एका बोटानं लागत होतं. गजूनं बिजागऱ्या बसवल्या असतील, एवढाच विचार मी केला. त्यानंतर अठरा वर्षं दर दसऱ्याला ती गाडी धुऊन मी गजूच्या शेडपुढं न्यायचो, तिथं पूजा व्हायची आणि जमलेल्यांना मी सांडाची गोष्ट सांगायचो, पोच्यावर हात थोपटून. आई होती तोवर, पुढची नऊ वर्षं, त्या पोच्याला हळदकुंकू लावायची. गजू दर वेळी नेमका तेव्हाच नारळ आणायला आत जायचा.

गजूच्या तेराव्याला गर्दीत कुणाची तरी मोटरसायकल त्या दारावर घासली. मी गाडी रामाधीनकडे नेली. तो आता म्हातारा झालाय, घरीच थोडंफार काम करतो. त्यानं पॉलिशपेपरनं रंग घासला, राखाडी पत्रा उघडा पडला, आणि तो हळूच म्हणाला, "देखव न, अतका साल म जंग नइ लगिस. हमर हाथ के चद्दर आय, भैया." इतक्या वर्षांत गंज नाही, आमच्या हातचा पत्रा आहे, असं तो म्हणत होता; मला वाटलं चुकून बोलला. मी म्हटलं, "ये दरवाजा तो बाबूजी का है न?" रामाधीनच्या हातातला कागद थांबला. त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग जमिनीकडं. "गजू भैया नइ बताइस?" एवढंच त्यानं विचारलं.

मी तिथून थेट कुमुदवहिनींकडे गेलो. त्यांनी लपवालपवी केली नाही. सांगाड्यापासून सोडवून केबिन चेन पुलीनं वर उचलली, आणि अधांतरीच ती पापडासारखी मोडली. रंगानं आणि भोकांत भरलेल्या लुकणानंच ती उभी होती, आत लोखंड राहिलंच नव्हतं. "त्या दिवशी जेवले नाही हे," वहिनी म्हणाल्या. "म्हणे रविवारी अरविंद आला का सांगतो. अन् तुम्ही आले ते कागद घेऊन, रडत..." बॉनेट, मडगार्ड, काचा, हँडल तेवढे खरे. केबिन आणि दोन्ही दारं फोटोंवरून नवी ठोकली. सांडाचा पोचा गजूनं स्वतः लाकडी हातोडीनं पाडला, तीनदा चुकला. खिडकीच्या काठावरचा रंग पॉलिशपेपरनं नाही, कोपरानं घासला, रोज जेवण झाल्यावर बसून. त्याच्या कोपराचं सालटं निघालं होतं, तेव्हा मला म्हणाला होता, सायकलवरून पडलो. मीच त्याला हळद लावायला सांगितली होती!

मी भडकलो. म्हटलं, "वहिनी, मले गाढव बनवलं ते बनवलं. माह्या आईनं खोट्या पोच्याले कुंकू लावलं नऊ वर्षं. तिचं काय?" वहिनींनी चहाचा कप माझ्यापुढं सरकवला. मग म्हणाल्या, "काकूले त्याच दिवशी समजलं होतं भाऊ. पाणी प्याले आत आल्या अन् मले म्हणे, दार उचलल्याबिगर लागलं, तेव्हाच पायलं मी. अरविंदले नका सांगू. त्याचा बाप दुसऱ्यांदा गेल्यासारखं होईन."

आता सांगा, मी कुणाशी भांडू? आई नाही, गजू नाही. दोघांनी मिळून मला लहान पोरासारखं सांभाळलं, आणि ते दसऱ्याचे सगळे दिवस आता मला पुन्हा आठवावे लागतात, त्यातले चेहरे पुन्हा बघावे लागतात. मी गोष्ट रंगवून सांगतोय, आई ऐकतेय, रामाधीन खाली बघतोय, वहिनी बघतायत आणि एकट्या मलाच काही माहीत नाही. प्रेमानं केलं म्हणतात. असेल. केसानं गळा कापला तरी तो कापलाच जातो. मी एवढा कच्चा होतो का? मोडकी केबिन दाखवली असती तर मी रडलो असतो, दोन दिवस त्याच्याशी बोललो नसतो, आणि तिसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर हातोडी घेऊन बसलो असतो. ते माझ्या वाट्याचं काम होतं.

उठता उठता मी विचारलं, "अन् मोडलेली केबिन? ती कुठं गेली?"

वहिनी म्हणाल्या, "सिलतऱ्याले. लोखंडाच्या भट्टीत. भंगारवाल्याच्या ट्रकमधी स्वतः बसून गेले हे, अन् आत जाईपर्यंत तिथंच उभे राहिले. आले तं घरात पाय ठेवला नाही. दारातूनच म्हणाले, आंघोळीचं पाणी काढ. अंगणातच आंघोळ केली, मंग आत आले. मी विचारलं, कोणाच्या मातीले गेले होते?"

चहा ठेवलेला होता, तो मी घेतला नाही. गाडी सुरू केली, ती पहिल्याच चावीला सुरू झाली, नेहमीसारखी, आणि त्याचाही मला राग आला. तात्यापाऱ्यात घरापुढं उभी केली. खरवडलेलं दार राखाडी दिसत होतं. गजूनं ठोकलेला पत्रा मी पहिल्यांदा, तो गजूनं ठोकलाय हे माहीत असताना पाहिला. एकही शिवण दिसत नव्हती. चपला बाहेरच काढल्या आणि बायकोला हाक मारून म्हटलं, आंघोळीचं पाणी दे, इथंच दे, अंगणात.

ती घाबरून बाहेर आली. "अगंबाई, काहून? कोण गेलं?"

"बाबा," मी म्हटलं. "गजू पोचवून आला त्याईले. मले बोलावलं नाही त्यानं."