फोटोपुरतं हेल्मेट
काल भिवंडीच्या बाजारात दुकानदारानं नव्या बादलीवरची पिशवी काढली आणि त्या कोऱ्या प्लास्टिकच्या वासासरशी मला पडघ्याजवळची ती दगडखाण आठवली. मी तिथं सुपरवायझर होतो. तपासणीचा साहेब यायचा असला की मी पाड्यावरून येणाऱ्या मजुरांना पिवळी हेल्मेटं वाटायचो. फोटो निघाले, साहेबाची गाडी वळली, की सगळी परत पेटीत, पिशव्या चढवून. मालकाला ती नवीकोरी राहायला हवी असत. एका दुपारी खडी भरणाऱ्या बाईनं डोक्यावरचं हेल्मेट दोन्ही हातांनी धरून ठेवलं. "न्हाय सायेब, धोंडा काय फोटो काढतानाच पडतो? सांजंला देते ना परत." बाकीचे हसले, मीही हसलो, आणि माझ्या हातानं ते काढून घेतलं. तासाभरात वरच्या कड्यातून धोंडा सुटला. टेम्पोत घालेपर्यंत ती गेली होती. मालकाचा फोन आला, "हेल्मेट होतं ना डोक्यावर? तसंच दिसलं पाहिजे." पोलीस यायच्या आत मी पेटीतून तेच हेल्मेट काढलं आणि तिच्या रक्ताशेजारी ठेवायला म्हणून दगडानं फोडायला बसलो. पाच-सहा घाव घातले, साधा तडाही जाईना. शेवटी घण आणावा लागला. काल तो दुकानदार बादली पुढं करून म्हणाला, "चाचा, मजबूत माल है, आपटून बघा." मी म्हटलं, "नको. माहीत आहे मला."