तुरीच्या पानाची दुपार

"तोंड तिकडं कर, जगदेवा! तुह्या श्वासानं आकडा बिघडून राह्यला!"

इंझोरीच्या शिवारात ऑक्टोबरच्या उन्हात, डोक्याला ओला रुमाल बांधून बसलेली वैजयंती धाकट्या भावावर ओरडली. समोरच्या तुरीच्या पानाला तिने चिमट्यासारखं यंत्र लावलं होतं. पान हवेतला कार्बन डायऑक्साइड किती ओढून घेतं, ते हे यंत्र मोजतं. माणसाच्या श्वासात तोच वायू भरपूर. कोणी वाकून पाहिलं की आकडा उड्या मारायला लागे, आणि वाकून पाहिल्याशिवाय गावात कोणालाच राहवत नसे.

वैजयंतीची सगळी हयात प्रकाशसंश्लेषणावर गेली. सुरुवात याच वावरात झाली होती. पान उजेडावर अन्न तयार करतं, असं शाळेत शिकवलेलं. भर दुपारी बापाची भाकर घेऊन ती वावरात आली, तर तुरीची पानं उन्हाकडे कड करून उभी. एवढा उजेड पडला आहे आणि ही अंग चोरतात काहून? गुरुजींना विचारलं तर ते म्हणाले, "परीक्षेत येत नाही ते." त्या उत्तराचा तिला इतका राग आला की तो राग घेऊनच ती अकोल्याला शिकायला गेली, आणि पुढे दूरच्या एका प्रयोगशाळेत.

तिथे तिला उत्तर मिळालं, पण पुरतं नाही. दुपारचा उजेड पानाला झेपत नाही. मग ते आपली बारीक छिद्रं मिटून पाणी राखतं आणि जास्तीचा उजेड उष्णता करून टाकून देतं. खरी गंमत पुढे होती. ढगाची सावली आली तरी पान लगेच कामाला लागत नाही, सावरायला वेळ घेतं. तेवढा वेळ वाया. कोणतं वाण लवकर सावरतं आणि कशामुळे, हे वैजयंती वर्षानुवर्षं मोजत राहिली. तिच्या मोजमापांवरून इतरांनी नवी वाणं तयार करायला घेतली. परदेशातले लोक तिला पत्र लिहून शंका विचारत. गावात मात्र एकच शंका होती.

"बाई, फवारा काय मारू?"

निवृत्त होऊन ती भावाकडे राहायला आली, तेव्हापासून पिवळ्या पडलेल्या सोयाबीनची पानं घेऊन माणसं दारात उभी. "मी डॉक्टर हाव, पण औषधाची नाई," असं सांगून तिचा घसा बसला. भावजय प्रयागबाई तर वैतागून म्हणाली, "बाई, कोणतंही एखादं नाव सांगून टाका ना! चहा करून करून माहा जीव गेला."

त्याच हंगामात प्रसेनजित नावाचा पिकाचं टॉनिक विकणारा आला. समाजमंदिरात सभा ठेवली आणि वैजयंतीला प्रमुख पाहुणी म्हणून बोलावलं. ती गेली, तर बॅनरवर बाटलीशेजारी तिचाच फोटो! खाली लिहिलेलं, 'प्रकाशसंश्लेषण दुप्पट!'

तिचं डोकंच फिरलं. तिने माईक ओढून घेतला. "हे खोटं हाय. मले न विचारता माहा फोटो लावला. बाटलीभर पाण्यानं पान दुप्पट जेवत नसते."

मग मागून कोणीतरी चिडून विचारलं, "मंग इतके वर्सं तुमी केलं काय?"

"पान किती नि कवा जेवते, ते पाह्यलं."

"निस्तं पाह्यलंच?"

"हो. कोनीतरी पाहावं लागते ना बावा!"

कोणी हसलं, कोणाला पटलं. तरी बाटल्या खपल्याच. फोटोतलं माणूस शिकलेलं आहे, एवढं लोकांना पुरेसं होतं.

दोन दिवसांनी ती वावरात गेली, तर मोजमापासाठी राखलेल्या तासांवर, तुरीच्या ओळींवर, फवाऱ्याचे डाग. जगदेव खुशीत उभा. "तुहा अभ्यास जोरात व्हावा म्हनून तेच टॉनिक मारलं. दोन तासं राह्यले, पंप संपला."

वैजयंती मटकन बांधावर बसली. एक आख्खा हंगाम गेला! तिला रडू आलं, आणि रडू आल्याचा आणखी संताप आला. दोन दिवस ती भावाशी बोलली नाही. प्रयागबाई दोघांमध्ये निरोप पोचवता पोचवता कावली. "आपसात बोला नाई तं दोघंही वावरातच राहा!"

तिसऱ्या दिवशी वैजयंती पुन्हा यंत्र घेऊन गेली. फवारलेली तासं आहेत आणि न फवारलेलीही आहेत, तर मोजून घ्यावं. महिनाभर ती दुपारी उन्हात बसली. दोन्हीकडची पानं सारखीच मंदावत होती, सावली आल्यावर सारख्याच वेळात सावरत होती. टॉनिकने काडीचा फरक पडला नव्हता.

तिने जगदेवला यंत्राच्या पडद्यावर फवारलेल्या आणि न फवारलेल्या पानांच्या दोन रेघा दाखवल्या. एकमेकींवर बसलेल्या. त्याने कितीतरी वेळ पाहिलं, मान हलवली.

"समजलं?"

"समजलं ना," जगदेव गंभीरपणे म्हणाला. "मंग मीनं कमी मारलं असन."

वैजयंतीने कपाळावर हात मारला. मग तिने त्याला पुन्हा शेजारी बसवलं आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.