आधी त्याचा घास

हिवाळ्यात कापसाच्या काड्या पेटल्या की मला आमची गँग आठवते. खोटं कशाला बोलू, जीव तुटतो. शेताच्या बांधावर हिरवी वांगी भाजायची, लाकडी दांड्याने ठेचून भरीत करायचं, केळीच्या पानावर मिळून खायचं. तेव्हा आमचे नियम दोनच. दुसऱ्या गँगच्या हातचं खायचं नाही आणि त्यांच्याकडे पाठ करायची नाही. बाकी सगळ्या शिस्तीच्या नावानं बोंब होती.

भरताच्याच दांड्याने एका संध्याकाळी मी दुसऱ्या गँगमधल्या एकाचा डावा हात मोडला. तुरुंगात गेलो. सुटल्यावर बायको म्हणाली, "आता कोणावर हात उचलला, तर मी माहेरी फैजपूरले चालली. बोलवाले येऊ नका." ती बोलते ते करते. मग दोघांनी पिंप्राळ्यात भरताची गाडी लावली. मला दुसरं येत तरी काय होतं?

मागच्या हिवाळ्यात एका रविवारी दुपारी तोच माणूस स्कूटरवरून उतरला. मागे सहा-सात वर्षांची मुलगी. दांडा माझ्या हातातच होता, मूठ आपोआप आवळली. बायकोचं लाटणं थांबलं. मी दांडा खाली ठेवला.

"भरीत दे," तो म्हणाला. "तिखट कमी टाक, पोरगीले झोंबस."

मी पान भरून दिलं. त्याने उजव्या हाताने घेतलं. डावा कोपरात वाकत नव्हता. मुलीने हात पुढे केला, तर तिला थांबवून त्याने आधी स्वतः एक घास खाल्ला. माझ्याकडे बघत जरा थांबला. मग पान तिच्यापुढे धरलं.

मी काय लेकराच्या घासात विष घालीन? फार लागलं मनाला. पण त्याच्या जागी मीही तेच केलं असतं, मग रागवायचं कोणत्या तोंडानं?

तो दर रविवारी येऊ लागला. दर वेळी आधी त्याचा घास. बोलणं वांग्यांवर, थंडीवर, तेवढंच.

संक्रांतीच्या आधीच्या रविवारी मात्र त्याने पान घेतलं आणि न चाखता मुलीला दिलं. ती माझ्यासमोर बाकावर बसून खायला लागली. तो माझ्याकडे पाठ करून स्कूटर पुसत उभा राहिला.