लगद्याची वात आणि सरांची बोटं

माझा स्वभाव काळजीचा आहे. आई म्हणायची, सगळं सुरळीत चाललं की हिला ताप भरतो. त्या उन्हाळ्यात मात्र ताप भरायला खरोखरच कारण होतं, आणि ते कारण सांगायचं कुणाला हे कळत नव्हतं.

सोलापुरातल्या एका आयुर्वेद महाविद्यालयात मी औषधं तयार करायचं शास्त्र शिकवते. पानं, मुळं वाटून त्यांचा लगदा करायचा, तो तेलात आणि काढ्यात टाकून मंद आचेवर शिजवायचा. तेल तयार झालं हे ओळखायची जुनी रीत ग्रंथात दिलेली आहे. लगदा चिमटीत घेऊन वळला की न चिकटता त्याची वात झाली पाहिजे, आणि ती वात विस्तवावर धरली तर तडतडता कामा नये. तडतडली म्हणजे पाणी राहिलं. पाणी राहिलेलं तेल थोड्याच दिवसांत वास मारतं.

ही बोटांची परीक्षा भरवशाची आहे का, आणि ती नव्या मुलींना शिकवता येते का, असा आमचा अभ्यास होता. प्रस्ताव मीच लिहिला होता. तो मंजूर झाला त्या दिवशी मी विभागात पेढे वाटले. आता ते पेढे आठवले की घशाशी येतात.

कुणाच्या तरी बोटाला प्रमाण मानायला हवं होतं. आम्ही सरांना मानलं. सर म्हणजे माझे गुरू. मूळचे मोहोळकडचे, शेतकऱ्याघरचे. आयुष्यभर महाविद्यालयात शिकवलं, आणि निवृत्तीनंतरही भवानी पेठेतला दवाखाना चालूच ठेवला. न भरणाऱ्या जखमांसाठी त्यांचं जाईच्या पानांचं तेल मागायला यंत्रमागावरचे कामगार येतात, दुधनीपासून माणसं येतात. मला नाडी धरायला, वात वळायला त्यांनीच शिकवलं. माझी बोटं चुकली की ते त्यांवर टिचकी मारायचे.

अभ्यासाची रीत सोपी होती. सर लगदा वळून बघणार आणि "उतरवा" म्हणाले की कढई उतरवायची. सर लगदा बघतील त्या प्रत्येक वेळी दोन विद्यार्थिनींनी आपापल्या चिमटीत लगदा घेऊन, एकमेकींशी न बोलता, झालं की नाही ते चिठ्ठीवर लिहायचं. त्यानंतर मी वात विस्तवावर धरायची आणि नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा.

पहिल्याच कढईला सर म्हणाले, "उतरवा." दोघींच्या चिठ्ठ्या उघडल्या तर दोन्हींवर "अजून नाही". मी मनात म्हटलं, शिकाऊ पोरी आहेत. वात विस्तवावर धरली आणि ती तडतडली.

"लगदा नीट पिळला न्हाईस तू," सर म्हणाले.

मी व्हय म्हटलं. सरांपुढे माझ्या तोंडून दुसरं काय निघणार!

दुसऱ्या कढईला उलटं झालं. मुली केव्हाच्या "झालं" लिहून बसल्या होत्या. सर लगदा वळत राहिले, वळत राहिले, आणि त्याचा भुगा होईपर्यंत "उतरवा" म्हणालेच नाहीत. खोलीभर करपल्याचा वास पसरला. एकीने खोकल्याचं निमित्त करून खिडकी उघडली. तिसरी कढई पुन्हा कच्ची.

अहवालाच्या कोष्टकात हे सगळं कसं दिसणार ते मला दिसत होतं. प्रमाण सर होते, तेव्हा मुली चूक. म्हणजे ही परीक्षा शिकवता येत नाही. शिवाय सर म्हणतील तेव्हा उतरवलेलं तेलही दर वेळी वेगळं, म्हणजे परीक्षाच खोटी. प्रयोगशाळा सांभाळणारे आमचे सहकारी चहा पिताना म्हणाले, "मॅडम, बोटांनी विज्ञान होत नसतं. पाणी मोजायचं यंत्र घ्या आणि मोकळ्या व्हा." मी हसले. घरी येऊन नवऱ्यावर उगीच खेकसले.

यंत्राशी माझं वैर नाही. ते मीच भांडून मागवलं आहे. पण बोटांची परीक्षा एकदा भरवशाची नाही असं आम्हीच लिहून दिलं, की ती प्रशिक्षणातून जाणार. मग पुढची पोरं ग्रंथात "वात" वाचतील आणि परीक्षेत लिहितील, पण एकाच्याही चिमटीत ती येणार नाही. हातातून गेलेली गोष्ट ग्रंथातून पुन्हा हातात येत नाही. मला याची भीती वाटत होती. आणि अभ्यास तपासायला पुण्याहून दोन परीक्षक यायचे होते.

मी सगळं पुन्हा तपासलं. वजनकाटा तपासलेला होता, त्यावर स्टिकर होता. तापमापकावरही होता. घड्याळसुद्धा आम्ही पडताळून घेतलं होतं. जाईची पानं त्याच मळ्यातली, तेल त्याच घाण्यावरचं. काहीच सापडेना तेव्हा सरांनाच विचारावं म्हणून एका संध्याकाळी भवानी पेठेत गेले.

दवाखान्यात गर्दी होती. मी भिंतीकडेच्या बाकावर बसले. शेजारच्या घरातून मागांची खडखड येत होती आणि पंखा गरम हवाच फिरवत होता. दुधनीकडची एक म्हातारी सरांसमोर बसली होती. सरांनी तिच्या मनगटावर तीन बोटं ठेवली आणि डोळे मिटले. मला बरं वाटलं. किती वर्षं मी हे बघत आले होते.

मग त्यांनी बोटं सरकवली, पुन्हा सरकवली. डोळे उघडून विचारायला लागले, भूक लागते का, झोप येते का, पाय जळजळतात का. नाडी हातात असताना सर इतकं कधी विचारत नसत. नाडी सांगून मग ते रोग्याला विचारायचे, "खरं का खोटं?"

"वैद्यबुवा, लई दाबलात की हो," म्हातारी म्हणाली. "मनगट दुखाय लागलंय."

सरांनी हात चटकन काढून घेतला. तिच्या कातडीवर तीन पांढरे डाग उमटले होते.

वजनकाटा, तापमापक, घड्याळ, सगळं आम्ही तपासलं होतं. ज्याला प्रमाण धरलं ते बोट तेवढं कुणी तपासलं नव्हतं. गुरूचं बोट तपासायचं असतं हे आमच्यातल्या कुणाच्या स्वप्नातही येणार नाही.

माणसं गेल्यावर सर म्हणाले, "काय गं, अशी का बसलीस?"

मी म्हटलं, "सहज आले होते, सर." आपलेच दात आणि आपलेच ओठ. सरांची बोटं गेली असं लिहावं तर ज्यांनी मला वैद्य केलं त्यांना भर गावात उघडं पाडायचं. सोलापुरात अशी गोष्ट लपत नाही. उद्या दवाखान्याची पायरी कोण चढेल? आणि न लिहावं तर त्यांनीच जन्मभर जपलेली विद्या खोटी ठरायची.

सर माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हात हितं आण."

मी हात पुढे केला. त्यांनी माझ्या मनगटावर बोटं ठेवली.

"किती दाबतोय मी?"

दुखत होतं.

"मला कळंना झालंय," ते म्हणाले. "पायातली चप्पल कवा निसटती ते तर लई दिवस कळत न्हाय. साखर हाय ना मला. हात बी बधिर हुतील असं वाटलं नव्हतं." जरा थांबून म्हणाले, "लगद्याचं वाटलं, इतकी वर्षं केलंय, बोटाला ठावं असंल अजून."

मला रडू आलं. सरांना ते कधीच आवडत नसे.

"त्या पोरींनी काय लिहिलं हुतं?"

मी सांगितलं. कच्च्या कढईला दोघींनी कच्ची म्हटलं होतं, शिजलेलीला शिजलेली. तिन्ही वेळा.

सरांनी आपली बोटं अंगठ्यावर घासून बघितली. "म्हंजी शिकल्या की," एवढंच म्हणाले. मग उठून दवाखान्याची खिडकी लावायला लागले. कडी त्यांना दोनदा चुकली. "तू काय लिहू नगंस. कुणाला बोलू नगंस. परीक्षक येत्याल त्या दिवशी मी येतो."

येऊन काय करणार, हे त्यांनी सांगितलं नाही. म्हातारा माणूस हट्टाला पेटून पुन्हा लगदा वळायला बसला तर? परीक्षकांसमोर पुन्हा तडतडलं तर? परीक्षक येईपर्यंत माझं जेवणावरून मन उडालं होतं. मुलगी म्हणाली, "आई, तू पोळी फक्त वळतेयस."

त्या दिवशी सर धुतलेला पांढरा शर्ट घालून आले. वरचं बटण लावलेलं नव्हतं. कढई चुलीवर होती, तेलावर फेस यायला लागला होता. दोन्ही परीक्षक खुर्च्यांवर बसले होते, आणि आमचे सहकारी दाराशी हाताची घडी घालून उभे होते. सवयीने मी सरांपुढे लगद्याची वाटी धरली. त्यांनी ती बाजूला सारली.

"आधी मोहरी आण," ते म्हणाले.

मोहरी आमच्या कपाटात असतेच. सरांनी उजवा हात तळवा वर करून टेबलावर ठेवला आणि डोळे मिटले. "ठेव एक दाणा बोटावर. ठेवलास की मी सांगतो."

धाकट्या विद्यार्थिनीने दाणा उचलला. तिने तो सरांच्या तर्जनीच्या टोकावर अलगद ठेवला आणि मागे सरकली. खोलीत फक्त तेल उकळल्याचा आवाज होता.

सर वाट बघत होते.

"ठेव की गं," ते म्हणाले. "भितीस काय?"

ती माझ्याकडे बघायला लागली. मी सरांकडे बघू शकत नव्हते.

"ठेवलाय, सर," मी म्हटलं.

सरांनी डोळे उघडले आणि दाण्याकडे बघितलं. मग परीक्षकांकडे वळून, वर्गात शिकवायचे त्याच आवाजात म्हणाले, "लिहा. प्रमाण चुकलंय, रीत न्हाय. आता ह्या पोरींची बोटं अशीच तपासा, आन् पयल्यापासनं सुरू करा."

दाणा पडू नये म्हणून बोट तेवढं त्यांनी तसंच स्थिर धरलं होतं.