बधिर करंगळी आणि पोलादी चकत्या

"आंखें बंद करो. सुई लगे तो बोलना," डॉक्टर म्हणाले. मी डोळे मिटले. अंगठ्याला टोचलं, सांगितलं. पहिलं बोट, मधलं बोट, सांगितलं. मग बराच वेळ काहीच नाही. मला वाटलं, डॉक्टर काहीतरी लिहीत असतील. डोळे उघडले तर टाचणी माझ्या उजव्या करंगळीत रुतलेली होती आणि डॉक्टर माझ्या तोंडाकडे बघत होते.

अंबरनाथच्या एका कारखान्यात मी टूलरूमचा इन्स्पेक्टर होतो, तयार भागांची मापं तपासायचो. इंचाच्या हजाराव्या भागाला आम्ही 'थाऊ' म्हणायचो. लोक मापाने थाऊ बघत, मी या करंगळीने सांगायचो. फुशारकी वाटेल, पण खरं आहे. तेच बोट आता माझं राहिलं नव्हतं. महिनाभर आधी मुंग्या यायच्या, मग करंगळी आणि शेजारच्या बोटाची अर्धी बाजू लाकडासारखी झाली. घरी गरम दुधाच्या भांड्याला हात चिकटला, कातडी भाजली, ते मला वासावरूनच कळलं. तेव्हा कुठे मी दवाखान्यात गेलो.

दवाखाना उल्हासनगरच्या कॅम्पात, लष्कराच्या जुन्या बराकीत. डॉक्टर सिंधी, सिंधमधून सगळं सोडून आलेले. त्यांनी माझं कोपर चाचपलं. "अल्नर नर्व्ह," ते म्हणाले. कोपराच्या हाडामागून करंगळीपर्यंत जाणारी ती नस. कोपर आपटलं की झिणझिणतं ना, तीच. मग त्यांनी पाठीवर, मांड्यांवर चट्टे आहेत का ते पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "लेप्रसी का टेस्ट करना पडेगा. मैं बोलता नहीं कि है. देखना पडेगा."

लेप्रसी म्हणजे महारोग.

स्किन स्मिअर केला. म्हणजे कानाच्या पाळीला बारीक चीर देऊन, तिथला ओलावा काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली जंतू शोधायचे. चीर काहीच दुखली नाही. रिपोर्टला आठ दिवस होते, ते दुखले.

बदलापूरला बेलवलीत आमचं घर. बायको सुमन आणि आठ महिन्यांची मुलगी ठकी. मी घरात कोणाला काही न सांगता ताट वेगळं केलं, तांब्या वेगळा केला. ठकी रांगत माझ्याकडे आली की मी खाटेवर पाय वर घेऊन बसायचो. तिला वाटायचं बाबा खेळतायत. ती खाट धरून हसायची आणि मी भिंतीकडे तोंड करायचो. रडलो, लपवत नाही.

चौथ्या दिवशी सुमनने मला पकडलं. "अहो, तिला घ्या ना जरा. तिने काय घोडं मारलंय तुमचं?" मग मला सांगावंच लागलं. तिने ऐकून घेतलं. जेवायला वाढलं आणि माझ्याच ताटातला घास उचलून खाल्ला. म्हणाली, "चार दिवसांनी जे कळायचं ते कळेल. मला पहिल्याच दिवशी सांगायला काय झालं होतं?" इतकी वर्षं झाली, तो घास मी विसरलेलो नाही.

आठव्या दिवशी रिपोर्टला निघालो. पहिल्या वेळी आगगाडीने गेलो होतो. आता चार माणसांना खेटून बसायचं मन होईना, म्हणून मोटारसायकल काढली. नशीब म्हणा किंवा देवाची करणी, त्या एका भीतीने माझा हात वाचवला.

डॉक्टर व्हरांड्यातच उभे होते. मी गाडीवरून उतरलो आणि नेहमीसारखा उजवा हात झटकला.

"रोज ऐसा करते हो?"

"गाडीवरून उतरलं की करतोच," मी म्हटलं.

"गाडी का तो बोला नहीं तुमने." ते पायऱ्या उतरून आले. "चालू करो."

मी किक मारली. डॉक्टरांनी हॅन्डलवर तळवा ठेवला, डोळे मिटले आणि पुतळ्यासारखे उभे राहिले. मी बघतच राहिलो. लोखंडावर हात ठेवून रोग ऐकणारा माणूस मी जन्मात पाहिला नव्हता. मग त्यांनी माझ्या तळव्याच्या बुडाशी, करंगळीच्या खाली अंगठा दाबला. विजेसारखी कळ थेट करंगळीत गेली.

"काच साफ है, लेप्रसी नहीं," ते म्हणाले. "और चोर इधर बैठा है."

त्यांनी समजावलं ते असं. ती नस मनगटाशी तळव्यात शिरते, तिथे तिच्यावर मांसाची फारशी गादी नसते. तिथेच हॅन्डल टेकतं. वर्षभर मी पिशवीत मापं घालून अंबरनाथहून उल्हासनगरच्याच कॅम्प दोनमधल्या छोट्या वर्कशॉपांमध्ये माल तपासायला जात होतो, रोज, खडबडीत रस्त्याने. नस चेचली गेली होती, मेली नव्हती. गाडी दीड महिना बंद. मनगट सरळ ठेवायचं. रोज सकाळी कापसाचा बोळा करंगळीवर फिरवून बघायचं. "नस चींटी से भी धीरे चलती है. जल्दी मत करना," त्यांनी बजावलं.

आता माझा शहाणपणा ऐका. गाडी लष्कराच्या लिलावातली. हॅन्डलच्या बुडाशी रबराच्या कुजलेल्या चकत्या होत्या. टूलरूमच्या माणसाला रबर म्हणजे ढिलाई. मी त्या फेकल्या आणि लेथवर पोलादाच्या चकत्या कातून बसवल्या, एक थाऊ फट नाही. हादरे वाढले तसे नटबोल्ट आणखी कसले आणि मूठही आणखी आवळली. जे हलतं ते कसायचं, हेच आम्ही शिकलेलो.

गाडी दुरुस्तीला दिली तेव्हा कॅम्प दोनमधला परसराम मिस्त्री त्या चकत्या हातात घेऊन कितीतरी वेळ कौतुकाने बघत बसला. "साईं, काम एक नंबर. पण लोहा कांपता है तो लोहे को ही बोलता है. रबर पी जाता है."

त्याने जाड रबर बसवलं, मुठींवर सायकलची ट्यूब चढवली, हॅन्डलच्या पोकळ टोकांत शिसं ओतून वजन वाढवलं, म्हणजे ते कमी थरथरतं. हॅन्डल थोडं खाली घेतलं, मनगट मुडपू नये म्हणून. आणि म्हणाला, "पकडना पापड के माफिक. छूटे नहीं, टूटे नहीं."

तुमच्यापैकी कुणाचं बोट बधिर होत असेल तर दोन गोष्टी सांगतो. मनातल्या मनात रोगाला नाव देऊन घरच्यांपासून लांब बसू नका. आणि डॉक्टरांना सगळं सांगा, ज्याचा काही संबंध नाही असं वाटतं तेही.

दीड महिना झाला, दोन झाले. कापूस फिरवायचो, काही नाही. गाडी सुरू केली होती, पापड धरल्यासारखी. ठकी आता हक्काने मांडीवर बसायची. मापं बघताना मात्र मी डावं बोट वापरायचो आणि मनातून खचत चाललो होतो.

एका सकाळी सुमनने मऊ भात कालवून दिला. मी करंगळीवर घेऊन ठकीला चाटवत होतो. तिने बोट हिरडीत धरलं, आणि कुठेतरी, खूप लांबून आल्यासारखं, काहीतरी टोचलं. मी श्वास रोखला. बोट हळूच सरकवलं. पुन्हा टोचलं.

"सुमन, हिला दात आलाय."

तिने ठकीचं तोंड उघडून उजेडात पाहिलं. "कुठे? काही दिसत नाहीये."

"दिसणार नाही. दोन थाऊ वर आलाय," मी म्हटलं.

ती माझ्या बोटाकडे बघत राहिली. मग पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाली, "कुठल्या बोटाला लागला?"

मी करंगळी वर केली. भाताचं शीत तिच्यावर तसंच होतं, आणि ते ओलं आहे, कोमट आहे, हे मला कळत होतं.