बडनेऱ्याची वात
"वढून पाय, बाबू," असं म्हणून ती नवारीचं एक टोक माझ्या हातात द्यायची, दुसरं आपल्या मुठीत धरायची आणि असा हिसका मारायची की मी दुकानाच्या फळीवर आडवा. मग तीच हसत म्हणायची, "तू फाटशीन, हे नाई फाटत."

अमरावतीतल्या एका मोठ्या दुकानात मी माल उतरवून घ्यायच्या कामावर होतो. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं, आणि फणीपासून कंदिलापर्यंत निम्मं दुकान विलायती मालाने भरलेलं असे. ती बडनेऱ्याची. खाटेची नवार, म्हणजे जाड सुती पट्टी, विणायची आणि आठवड्यातून एकदा गाडीने गठ्ठा घेऊन यायची. मी तिला मावशी म्हणायचो.

एकदा शेटजींनी माल पुरवणाऱ्या सगळ्यांना मागच्या अंगणात बोलावलं. अंगात नवीकोरी खादी. म्हणाले, "परका माल विकणं आता पुरे. तुम्ही इथे बनवा, बनवाल तेवढं मी विकीन." मग मावशीकडे वळले. "आपला कापूस बोटीने जातो आणि कंदिलाची वात होऊन परत येतो. तुम्ही पट्टी विणता ना? मग वात विणा."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, हे आधीच सांगून टाकतो. मावशीने तेवढं विचारलं, "वातीच्या डबीवर बडनेरं लिवसान का?"

"ठळक अक्षरांत!" शेटजी म्हणाले.

"माहं नाव नोको. गावाचं पुरे."

पहिली वात घेऊन आली ती मोठ्या तोऱ्यात. "वढून पाय!" ओढली, तर धागा हलेना. कंदिलात घालून पेटवली आणि थोड्याच वेळात ज्योत बसली. मावशीने वात खाटेसारखी घट्ट विणली होती. तेल वर चढायला जागाच नव्हती.

"मावशी, हिच्यावर कोणाला झोपायचं नाही," मी म्हटलं.

ती चिडली. "जलमभर घट्ट इनलं, आता ढिलं इनू?" पण हटली नाही. दर खेपेला नवा तुकडा आणायची आणि भरदिवसा फळीपाशी कंदील पेटवून बसायची. गिऱ्हाईकं हसायची. वात विझली की ती स्वतःच्याच हातावर चापट मारायची. "ऐकतच नाई मेला!"

मग एक दिवस ज्योत सरळ उभी राहिली. धूर नाही, काच स्वच्छ. त्या दिवशी ती "वढून पाय" म्हणाली नाही. हळूच म्हणाली, "पाय, कशी तेल पेऊन राह्यली." वातीच्या काठाला तिने एक निळा दोरा घातला होता. तिचा डोळा त्याच्यावरून हलेना.

आता पुढचं सांगताना अजूनही माझं डोकं फिरतं. शेटजी मला म्हणाले, "सध्या तिच्या वाती रिकाम्या विलायती डब्यांतच भर. गिऱ्हाईक डबी बघून घेतं. आपल्या छापून आल्या की बदलू." मी भरत गेलो. मावशी दर खेपेला विचारायची, "छापल्या का डब्या?" मी म्हणायचो, "छापखान्यात आहेत." डब्या कधी छापायला दिल्याच नव्हत्या. मला ते ठाऊक होतं.

शेवटी बडनेरा स्टेशनवरचा दिवेवाला एक डबी घेऊन तिच्या घरी गेला. "इनाची त अशी इन. विलायती पाय कशी जळते!" तिने उघडून पाहिली. काठाला निळा दोरा.

दुसऱ्याच दिवशी तिने ती डबी आमच्या फळीवर ठेवली. "हे कोनाची वात हाय?"

शेटजी शरमलेसुद्धा नाहीत. "बाई, लोक विलायती मागतात. तुमचा माल खपतोय ना? मग झालं."

"अंगनात मंग कोनाले सांगत होते तुमी? मी माह्या हाताची सवय मोडून हे शिकली, अन् नाव त्याईचं?" मग माझ्याकडे बघून तिने विचारलं, "डब्या तू भरत होता, बाबू?"

मी होकाराची मान हलवली. तिने तोंडभरून शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती गठ्ठा उचलून निघून गेली.

पुढे शेटजींचा जाहीर सभेत स्वदेशीबद्दल सत्कार झाला, गळ्यात हार पडला. मावशीच्या वाती बंद झाल्या होत्या, म्हणून त्याच सुमाराला त्याच डब्यांतून खरोखरच्या विलायती वाती येऊ लागल्या. आणि गिऱ्हाईकं त्या परत आणू लागली. एक वकीलसाहेब तर माझ्यावर ओरडलेच. "ही नकली आहे! काच काळी करते. आधीची खरी विलायती द्या."

"ती बडनेऱ्याची होती," मी शेटजींना ऐकू जाईल असं म्हटलं.

वकीलसाहेब हसले. "बडनेऱ्याची? काहीतरीच!"

तेवढ्यावर मी ती नोकरी सोडली आणि बडनेऱ्याला गेलो. मावशी मागावर होती, नवार विणत होती. माफी मागायचं ठरवून गेलो होतो; तोंडातून निघालं भलतंच. "मावशी, लोक तुमचीच वात मागतात."

तिचा हात थांबला. चेहरा उजळला. "काय म्हनून मांगतात?"

खोटं बोलायची सवय होती मला. त्या दिवशी जमलं नाही. "खरी विलायती म्हणून."

तिने नेहमीसारखं नवारीचं एक टोक माझ्या हातात दिलं. दुसरं टोक मात्र तिने धरलं नाही.